होडी दोघांची, पण एकट्याने काठाला येणारी

निवृत्तीच्या समारंभात शाल-श्रीफळ मिळते, भाषणे होतात आणि दुसऱ्या दिवसापासून घरात एक नवीच अडचण उभी राहते. सकाळी नऊ वाजता कुठेही जायचे नसते. मग कुणी बागकाम सुरू करतो, कुणी नातवंडांना शाळेत सोडण्याचे काम अंगावर घेतो, कुणी तीर्थयात्रा आखतो. काहींच्या मनात मात्र कितीतरी वर्षे एक वेगळीच इच्छा दडून राहिलेली असते. शांत पाणी, लहानशी होडी, हातात गळाची काठी आणि समोर बसलेली सहधर्मचारिणी. घाई नाही, फाईल नाही, साहेब नाही.

कोलकात्याच्या बालीगंज भागात ही इच्छा मनात यायला फारसे निमित्त लागत नाही. गडियाहाटच्या बाजारात रोज सकाळी रुई-कातला मांडलेले दिसतात. शेजारचा बंगाली गृहस्थ रविवारी ‘छिप’, म्हणजे गळाची काठी, खांद्यावर टाकून निघालेला भेटतो. पायी जाण्याच्या अंतरावर रवींद्र सरोवर पसरलेले आहे. बालीगंज फाडीपासून निघणाऱ्या हाजरा रोडवर महाराष्ट्र निवास आहे आणि या शहरात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. नोकरीनिमित्त आलेला कोकणी माणूस इथे रमतो, तो पुष्कळदा माशांमुळेच!

पण मनातली होडी आणि पाण्यातली होडी यांत फरक असतो. मनातली होडी कधी कलंडत नाही. तिच्यात चढताना गुडघा दुखत नाही आणि ती उचलून ठेवायला चार माणसे लागत नाहीत. साठी ओलांडलेल्या जोडप्याने होडी घ्यायची ठरवली तर निवड कोणत्या कसोटीवर करावी, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा गंभीर आहे.

आधी पाणी, मग होडी

चप्पल घेताना आपण ती कुठे घालायची याचा विचार करतो. होडीचेही तसेच आहे. कोणत्या पाण्यात जायचे हे ठरल्याशिवाय कोणती होडी घ्यायची हे ठरत नाही.

बालीगंजकरांना सर्वांत जवळचे पाणी म्हणजे रवींद्र सरोवर. दलदलीच्या जागेवर कलकत्ता इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने १९२० च्या दशकात हे तळे खोदले. तेव्हा त्याला ढाकुरिया लेक म्हणत. १९५८ मध्ये त्याला रवींद्रनाथांचे नाव मिळाले. पाण्याचा विस्तार सुमारे ७३ एकर आहे. त्याच्या काठावर जुने रोइंग क्लब आहेत आणि त्यांतला कलकत्ता रोइंग क्लब तर १८५८ सालचा आहे. इथे वल्हे कसे मारावे हे शिकता येईल. पण स्वतःची मासेमारीची होडी आणून सोडावी अशी ही जागा नव्हे.

दुसरे पाणी हुगळीचे. घाटावरून ती संथ वाटते, पण ती समुद्राच्या भरती-ओहोटीबरोबर चढते-उतरते. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला तिच्यात ‘बान’ येतो. समुद्राकडून निघालेली पाण्याची भिंत नदीच्या प्रवाहाविरुद्ध धावत वर येते आणि घाटाला बांधलेल्या होड्या एकमेकींवर आपटतात. त्याशिवाय फेरीबोटी, मालाची जहाजे आणि त्यांच्या लाटा आहेतच. इथे जन्म काढलेल्या नावाड्याचे हे पाणी आहे. हौशी ज्येष्ठांनी तिथे त्याच्याच नौकेत, त्याच्याच भरवशावर बसावे.

तिसरे पाणी खऱ्या अर्थाने सोयीचे. बालीगंज स्थानकावरून दक्षिणेकडे लोकल गाड्या जातात. कॅनिंग, डायमंड हार्बर आणि लक्ष्मीकांतपूर ही त्यांची शेवटची स्थानके. या वाटेवर सारा दक्षिण चोवीस परगणा तळ्यांनी भरलेला आहे. पुष्कळ तळ्यांचे मालक किंवा समित्या पैसे घेऊन दिवसभर गळ टाकू देतात. बहुतेक मंडळी काठावर बांधलेल्या बांबूच्या माचावर बसतात. होडी सोडू देणारा मालक शोधावा लागतो. असा मालक भेटला, त्याने होडी काठावर ठेवूही दिली, तर अर्धे काम झाले. नाही भेटला, तर बालीगंजच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बारा फुटी होडी ठेवणार कुठे, हा प्रश्न पैसे मोजण्यापूर्वीच सोडवायला हवा.

एकाच तारखेच्या दोन संध्याकाळी

लहान, बंदिस्त पाणी म्हणजे निर्धोक पाणी, असा आपला समज असतो. २१ मे २०२२ रोजी संध्याकाळी रवींद्र सरोवरात रोइंगचा सराव चालू होता. शाळांच्या स्पर्धेसाठी मुले तयारी करीत होती. अचानक कालबैशाखीचे वादळ सुटले, होडी उलटली आणि दोन शाळकरी मुले बुडाली. शहराच्या मध्यावर, क्लबांच्या दारात, काठ नजरेच्या टप्प्यात असताना हे घडले.

बरोबर दोन वर्षांनी, २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी, सोलापूर आणि पुणे जिल्ह्यांच्या सीमेवर उजनी धरणाच्या पाण्यात कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जणांचा जीव गेला.

तारीख तीच असणे हा योगायोग. ऋतू तोच असणे हा योगायोग नाही. बंगालात जिला कालबैशाखी म्हणतात, तिचा आपल्याकडचा भाऊबंद म्हणजे वळीव. चैत्रापासून ज्येष्ठापर्यंत दिवसभर जमीन तापते, दुपारनंतर ढग उंच चढतात आणि मग थंड वारा एकदम खाली कोसळून चहूकडे पसरतो. हे सारे काही मिनिटांत होते. कोलकात्यात बहुधा वायव्येकडून काळोख दाटून येतो. या तीन महिन्यांत होडी पहाटे सोडावी आणि अकराच्या आत काठाला लावावी. गडगडाट कानावर आला की मासा गळाला लागलेला असला तरी निघावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यात परतू नये.

या दोन घटनांवरून होडीच्या निवडीबद्दलही एक गोष्ट शिकता येते. चांगल्या हवेत कोणतीही होडी चांगलीच वाटते. दहा मिनिटांच्या वाऱ्यात, घाबरलेल्या आणि दमलेल्या माणसाच्या हातात ती कशी वागते, ते पाहून ती निवडायची असते.

कसोटी दुसऱ्याची

घरात होडीची हौस बहुधा एकालाच असते आणि पुष्कळदा तो नवरा असतो. तो दुकानात जातो, किंमत विचारतो आणि स्वतःच्या ताकदीच्या हिशेबाने होडी पसंत करतो. पत्नी सोबत येणार असते ती डबा, थर्मास आणि टोपी घेऊन. तिला वल्हे धरता येते का, हे कुणी विचारतच नाही. तिलाही ते विचारावेसे वाटत नाही. ‘अहो, तुम्ही आहात ना!’ एवढ्यावर सारे भागते.

आता एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. तळ्याच्या मध्यावर नवऱ्याला चक्कर येते. साखर उतरली असेल, उन्हाचा त्रास झाला असेल किंवा छातीत कळ आली असेल. साठीनंतर यातले काहीही अशक्य नाही. तो होडीच्या तळाशी आडवा पडला आहे, वारा काठाकडून येतो आहे आणि वल्ही आता पत्नीच्या हातात आहेत. तिने आजवर ती कधी धरलेली नाहीत. अशा वेळी होडी किती महाग होती, किती देखणी होती याला काही अर्थ उरत नाही. ती एकटी ही होडी काठाला आणू शकेल का, एवढेच महत्त्वाचे ठरते.

म्हणून जोडप्याच्या होडीची पहिली कसोटी अशी: दोघांपैकी ज्याची ताकद कमी, त्याला किंवा तिला ती एकट्याने वल्हवता, वळवता आणि काठाला लावता आली पाहिजे. जोडीदार निव्वळ ओझे होऊन पडलेला असतानाही हे जमले पाहिजे. या कसोटीला उतरत नाही ती होडी एकाची, दोघांची नव्हे.

पोटासाठी मासेमारी करणाऱ्या जोडप्यांना हे सांगावे लागत नाही. सुंदरबनच्या खाड्यांत नवरा-बायको मिळून डिंगीतून मासे-खेकडे धरायला जातात. उजनीच्या पाण्यावरही पहाटे अशा जोड्या दिसतात. एकजण जाळे ओढतो तेव्हा दुसऱ्याच्या हातात वल्हे असते. तिथे कुणी प्रवासी म्हणून बसत नाही. हौस म्हणून जाणाऱ्यांनी त्यांच्याकडून ही एक गोष्ट जरूर घ्यावी.

रुंदी कशी तारते?

होडी स्थिर राहते ती मुख्यतः रुंदीमुळे. हिशेब समजायला सोपा आहे. लांबी तेवढीच ठेवून रुंदी दुप्पट केली, तर होडी कलू लागताच तिला सरळ करणारा पाण्याचा रेटा दुप्पट नव्हे, सुमारे आठपट होतो. तीन फुटांऐवजी चार फूट रुंदी घेतली, तरी तो दुपटीहून अधिक वाढतो. म्हणूनच सडपातळ होडी वेगाने धावते, पण कुणी शिंकले तरी डोलते.

दोघांसाठी दहा ते बारा फूट लांबीची, निदान चार फूट रुंदीची आणि सपाट किंवा जवळजवळ सपाट तळाची होडी पाहावी. सपाट तळ उथळ पाण्यात चालतो, काठावर सरळ बसतो आणि चढताना एकदम झुकत नाही. मोठ्या लाटांत तो आपटतो हे खरे, पण ज्या पाण्यात मोठ्या लाटा उठतात तिथे या जोडप्याने जायचेच नाही.

कडांची उंची विसरू नये. दोघे सामानासकट बसल्यावर पाण्याच्या वर निदान एक फूट कड उरावी. बैठकीही पाहाव्यात. फार खालच्या बैठकीवरून उठताना गुडघे बोलू लागतात. फार उंच बैठकीने होडी डोलते. घरातल्या पाटापेक्षा उंच आणि खुर्चीपेक्षा ठेंगणी बैठक साधारण बरी पडते.

किती माणसे बसवावीत याचा अमेरिकेत एक साधा आडाखा सांगतात: लांबी आणि रुंदी फुटांत घेऊन गुणाकार करा आणि १५ ने भागा. बारा गुणिले चार, भागिले पंधरा, म्हणजे तीन माणसे. दहा फुटी होडीला उत्तर येते अडीचच्या थोडे वर. याचा अर्थ दोनच, तिसरा नातू नव्हे! हा आडाखा निवांत हवेसाठी आहे, तोही काठोकाठ ताणू नये.

कोकणाने या रुंदीच्या प्रश्नावर फार पूर्वी स्वतःचे उत्तर शोधले. सिंधुदुर्गात अरुंद होडीच्या एका बाजूला आडव्या दांड्यांवर लाकडी ओंडका जोडतात. ही उलांडी. ओंडका पाण्याला टेकून होडीला कलू देत नाही. युक्ती उत्तम आहे, पण तळ्यातल्या जलपर्णीत उलांडी अडकते आणि त्या बाजूने गळ टाकता येत नाही. तळ्यासाठी सरळ रुंद होडीच बरी.

लाकूड, फायबर की हवा?

बंगाल हा नौकांचा देश. कांकुडगाछीच्या आंबेडकर भवनात २०१४ मध्ये नौकांचे संग्रहालय सुरू झाले. तिथल्या प्रतिकृती पाहिल्या की एका प्रांतात किती तऱ्हांच्या होड्या घडल्या याची कल्पना येते. त्यांतल्या तीन-चार प्रकारांचा विचार निवृत्त जोडप्याच्या डोक्यात हमखास येतो.

ताडाचा डोंगा: ताडाचे खोड पोखरून केलेला हा डोंगा खेड्यातल्या तळ्यात सर्रास दिसतो. तो स्वस्त असतो आणि दिसतो गंमतीचा. पण त्यावर तोल सांभाळणे ही लहानपणापासूनची सवय आहे. साठीनंतर ती लागत नाही. फोटो काढावा, बसू नये.

लाकडी डिंगी: हुगळी जिल्ह्यातले बलागड हे नौका बांधणाऱ्या कारागिरांचे जुने गाव. बंगालच्या पद्धतीत फळीला फळी चपट्या लोखंडी खिळ्यांनी जोडून आधी कवच उभे करतात आणि आतल्या फासळ्या नंतर बसवतात. अशी डिंगी पाण्यावर शांत बसते, वाऱ्याने भिरभिरत नाही. पण ती जड असते. दर वर्षी तिला काठावर ओढून वाळवायची, फटी बुजवायच्या, डांबर किंवा गाबाच्या फळाचा चिकट रस लावायचा. तळ्याचा मालक किंवा तिथला नावाडी हे करणार असेल तरच लाकडाच्या वाटेला जावे.

फायबरची होडी: बहुतेक जोडप्यांसाठी ही सर्वांत व्यवहारी. ती गळत नाही, कुजत नाही आणि दुरुस्ती सोपी असते. दहा-बारा फुटी होडीचे वजन साधारण ६० ते ९० किलो भरते. दोघांनी ती उचलायची नाही. चाकांच्या गाडीवरून ढकलायची. कोचीची केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था १९५७ पासून अशा प्रश्नांवर काम करते. रबराच्या झाडाच्या स्वस्त लाकडावर प्रक्रिया करून त्यावर फायबरचे आवरण चढवलेल्या लहान होड्या तिथे तयार झाल्या. विकत घेताना एक गोष्ट खोदून विचारावी: दोन्ही टोकांना किंवा बैठकींखाली फोम भरलेले बंद कप्पे आहेत का? ते असतील तर पाण्याने भरलेली होडीही तरंगत राहते आणि धरायला आधार उरतो. फायबर स्वतः पाण्यापेक्षा जड आहे. कप्पे नसलेली होडी भरली की सरळ तळाशी जाते. कित्येक देशांत लहान होड्यांना ही सोय कायद्यानेच सक्तीची आहे. आपल्याकडे घेणाऱ्याने विचारल्याशिवाय विकणारा सांगेलच असे नाही.

हवा भरायची होडी: फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना हिचा मोह पडतो आणि तो अगदीच चुकीचा नाही. घडी करून कपाटावर ठेवता येते, गाडीत घालून नेता येते. दोन्ही बाजूंच्या फुगीर नळ्यांमुळे ती सहसा कलंडत नाही. पण वाऱ्यावर ती फुग्यासारखी वाहत जाते आणि वल्हवायला जास्त दम लागतो. माशांचे काटे, गळाचे आकडे आणि घाटावरच्या काचा हे तिचे वैरी. घ्यायचीच तर जाड कापडाची, निदान तीन वेगळे हवेचे कप्पे असलेली आणि खाली घट्ट फळ्यांचा तळ असलेली घ्यावी. समुद्रकिनारी मुलांसाठी विकतात ती नव्हे.

कर्नाटकातल्या नद्यांवर चालणारी टोपलीसारखी गोल होडीही काहींना आवडते. ती स्थिर असते, पण नवख्याच्या हातात स्वतःभोवतीच फिरत राहते. आपल्या कसोटीला ती उतरत नाही.

वल्हे की मोटर?

सुरुवात वल्ह्यांनीच करावी. चार फुटी रुंदीच्या होडीला सुमारे सात-साडेसात फुटांची हलकी वल्ही लागतात. ती कडेवरच्या खुंट्यांत पक्की बसलेली हवीत. म्हणजे हातातून सुटली तरी वाहून जात नाहीत. दोन वल्ह्यांनी मारताना पाठ पुढच्या दिशेला असते, त्यामुळे समोर बसलेल्याने वाट सांगायची. संसारात ही सवय दोघांना असतेच!

खांदे धरलेले असतील किंवा तळे मोठे असेल तर बॅटरीवरची लहान मोटर उपयोगी पडते. तिचा आवाज नाही, धूर नाही आणि मासे पळत नाहीत. पेट्रोलच्या लहान इंजिनाला दोरी ओढून चालू करावे लागते, तो झटका धरलेल्या खांद्याला सोसत नाही. बॅटरीचा हिशेब मात्र समजून घ्यावा. १२ व्होल्टची, १०० अँपिअर-तासांची शिसे-आम्लाची बॅटरी पंचवीस ते तीस किलोची असते. ती निम्म्यापेक्षा जास्त रिकामी केली तर लवकर खराब होते. पूर्ण वेगात सुमारे ३० अँपिअर ओढणारी मोटर त्या निम्म्या साठ्यावर दीड-पावणेदोन तास चालेल. सावकाश चालवली तर त्याच्या कितीतरी पट. लिथियमची बॅटरी हलकी असते, पण महाग पडते. जलपर्णीचे धागे पंख्याला गुंडाळले की मोटर बंद पडते, म्हणून मोटर असली तरी वल्ही होडीत असलीच पाहिजेत.

मोटर बसवली की कायदाही पाहावा लागतो. १९१७ चा जुना कायदा जाऊन देशांतर्गत जलयानांचा नवा कायदा २०२१ मध्ये आला. यंत्रावर चालणाऱ्या जलयानांना त्याखाली तपासणी आणि नोंदणी लागते. आपल्या होडीला आणि मोटरीला काय लागू होते, ते राज्याच्या परिवहन खात्यात आधी विचारून घ्यावे. तळ्याच्या मालकाची परवानगीही लेखी घेतलेली बरी.

पैसे देण्यापूर्वीची परीक्षा

मुलीला स्थळ पाहताना आपण चार ठिकाणी चौकशी करतो. होडीचीही परीक्षा पाण्यात घ्यावी, अंगणात नव्हे. विकणारा नाही म्हणाला तर दुसरा विक्रेता पाहावा. कमरेइतक्या पाण्यात, पोहणारा जाणता माणूस जवळ ठेवून आणि दोघांनीही जाकिटे घालून या गोष्टी कराव्यात.

पहिली, चढणे-उतरणे. एकाने होडी धरावी, दुसऱ्याने होडीच्या मध्यावर पाय ठेवून बसावे. मग उलट करावे. कुणाच्या खांद्याला न लोंबकळता दोघांनाही जमले पाहिजे.

दुसरी, दोघांनी एकाच कडेला सरकून बसावे. मोठा मासा लागला की दोघेही नकळत तेच करतात. तरीही कड पाण्यापासून निदान वीतभर वर राहिली पाहिजे.

तिसरी, जागांची अदलाबदल. उभे न राहता, कडा धरून, वाकून सरकत हे जमले पाहिजे.

चौथी, सर्वांत महत्त्वाची. ज्याची ताकद कमी आहे त्याने वल्ही घ्यावीत. दुसऱ्याने हात बांधून तळाशी बसावे आणि तोंडही बंद ठेवावे, सूचना देऊ नयेत! वाऱ्याच्या विरुद्ध शंभर पावले जाऊन, वळून, होडी काठाला लावून दाखवावी. इथे थांबावे लागले तर होडी कितीही आवडली असली तरी घेऊ नये किंवा आधी महिनाभर वल्हवायला शिकावे.

पाचवी, होडीत मुद्दाम पाणी भरून पाहावे. ती तरंगते का? दोघे तिला धरून राहू शकतात का?

सहावी, पाण्यातून परत चढणे. कडेवरून चढू पाहिले तर होडी अंगावर येते. मागच्या बाजूने चढावे. साठीनंतर नुसत्या हातांच्या बळावर हे बहुतेकांना जमत नाही. म्हणून मागे दोरीची दोन पायऱ्यांची शिडी बांधलेली ठेवावी. ती पाण्यातून हाताला लागली पाहिजे, होडीत घडी करून ठेवलेली नव्हे.

या परीक्षेला एक सकाळ लागते. ती वाया गेली असे वाटून घेऊ नये.

होडीबरोबर काय घ्यावे?

जाकीट बैठकीखाली ठेवण्यासाठी नसते, घाट सोडण्यापूर्वी अंगावर बांधण्यासाठी असते. पोहता येणाऱ्यांनीही ते घालावे, कारण चक्कर आलेला माणूस पोहू शकत नाही. मापाचे, फोमचे आणि मांड्यांमधून पट्टा येणारे घ्यावे. नाहीतर पाण्यात पडल्यावर जाकीट वर सरकते आणि माणूस खाली.

नांगर लहान चालेल, पण तो होडीच्या तोंडाकडूनच बांधावा. मागून किंवा कडेवरून बांधला तर वाऱ्यात होडीची सखल बाजू लाटेला सामोरी जाते आणि पाणी आत येते. दोरी पाण्याच्या खोलीच्या पाचपट असावी. पाणी उपसायला डबा, एक जास्तीचे वल्हे आणि शिट्टी हवी. मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, गळ्यात असावा. तातडीच्या मदतीसाठी देशभर ११२ हा क्रमांक आहे. रोजची औषधे, साखर किंवा गोळ्या-बिस्किटे, पिण्याचे भरपूर पाणी आणि कडेची टोपी बरोबर असावी. काठावरच्या कुणाला तरी परतण्याची वेळ सांगून निघावे.

रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर गळाच्या आकड्याचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकावा. बोटात रुतला तरी तो सहज निघतो. एखादा मासा सुटेल, तर सुटू द्यावा.

होडी उलटलीच, तर ती सोडून काठाकडे पोहू नये. तिला धरून राहावे. दुरून डोकी दिसत नाहीत, होडी दिसते.

विकत घेण्याची घाई नको

खरे सांगायचे तर पहिले वर्ष होडी विकत न घेताच काढता येते. हिवाळ्यातल्या कोवळ्या उन्हात, तळ्याच्या माचावर बसून आधी गळ टाकायला शिकावे. रुईला कोणते आमिष आवडते, पाण्यात ‘चार’ कसे टाकतात, तरंगती खूण कशी बुडते, हे शेजारी बसलेला बंगाली मत्स्यप्रेमी आनंदाने सांगेल. त्याला विचारणारा हवाच असतो. मग दोन-चार वेळा नावाड्यासह होडी भाड्याने घ्यावी आणि दोघांनीही वल्ही हातात धरून पाहावीत. त्या वर्षात एक तर हौस फिटते किंवा पक्की होते. पक्की झाली तर वर सांगितलेली रुंद, सपाट तळाची, बंद कप्प्यांची फायबरची होडी शोधावी आणि तळ्याकाठीच ठेवावी.

गडियाहाटच्या बाजारात मासा नक्कीच स्वस्त पडेल. होडीचा, दोरीचा, गाडीभाड्याचा हिशेब मांडला तर तळ्यातला प्रत्येक रुई सोन्याच्या भावाचा ठरतो. पण जन्मभर एकमेकांची कामे वाटून घेतलेल्या दोघांना निवृत्तीनंतर एकत्र शिकायला काहीतरी नवे मिळते, ही कमाई त्या हिशेबात येत नाही. फक्त शिकायचे दोघांनी. पहिल्या दिवशी घाट सोडताना वल्ही तिच्या हातात द्यावीत आणि परत येताना त्याने घ्यावीत. पुढच्या खेपेला उलट. एवढा नेम पाळला तर त्या होडीत प्रवासी कुणीच राहणार नाही.